पाण्याला वाट करून देणारी माणसं

मुलांनो, आज तुम्हाला पेरू देशातल्या एका डोंगरावर न्यायचं आहे. गाडीने जाता येणार नाही, कारण तिथवर गाडीरस्ताच नाही. खेचर जातं, माणूस पायी जातो, आणि आभाळातून कॉन्डोर पक्षी जातो. जागेचं नाव चोकेकिराव.

माचू पिचूचं नाव तुम्ही ऐकलं असेल, चित्रंही पाहिली असतील. त्याच्या पायथ्यापर्यंत आगगाडी जाते, तिथून वर बस नेते, आणि रोज हजारो माणसं येतात. माचू पिचू बांधणाऱ्या इंका लोकांनीच चोकेकिरावही त्याच विल्काबांबा डोंगररांगेत उभारलं. पण इथे यायचं तर काचोरा नावाच्या गावातून निघायचं, दरीच्या तळाशी नदीपर्यंत उतरायचं, पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं, आणि परतताना तीच वाट उलटी तुडवायची. जाऊन-येऊन चार-पाच दिवस लागतात. चला तर, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

काचोऱ्याहून थोडं चालून गेलं की एक धार लागते आणि पुढची जमीन एकदम संपते. आपण उभे असतो सुमारे २९०० मीटर उंचीवर. समोर बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर, आणि खाली, अगदी खोल खाली, पांढरी बारीक रेघ. ती आपुरिमाक नदी. आवाजसुद्धा वर येत नाही, इतकी ती खोल आहे. प्रशांत महासागर इथून पश्चिमेला, त्यामानाने जवळच. पण मधे अँडीज पर्वताची भिंत आड येते, म्हणून हे पाणी पाठ फिरवून निघतं, अॅमेझॉनला मिळतं आणि अख्खा खंड ओलांडून अटलांटिकला जातं.

ही भिंत आली कुठून? समुद्राच्या तळाचा एक भलामोठा तुकडा, नाझका भूपट्ट त्याचं नाव, वर्षाला काही सेंटिमीटर एवढ्या चालीने दक्षिण अमेरिकेच्या पोटाखाली शिरतो आहे. लाखो वर्षं, कोट्यवधी वर्षं तो शिरतोच आहे. वरची जमीन त्या रेट्याने चुरगळली, उचलली गेली, तेच अँडीज. डोंगर वर येत होते आणि नदी त्यांना कापत खाली जात होती, म्हणून ही दरी एवढी खोल. आजही तो रेटा थांबलेला नाही. पेरूमध्ये भूकंप होतात ते त्यामुळेच.

आता उतरायला लागू. वाट नागमोडी, पायाखाली घसरडी माती आणि सुटे खडे. उतरताना अंगावरचे कपडे एकेक करून पिशवीत जातात. साधारण हजार मीटर उतरलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी तापते, हा निसर्गाचा हिशेब. आपल्याला तर जवळजवळ दीड हजार मीटर उतरायचं आहे. सकाळी धारेवर स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी नदीकाठी, प्लाया रोसालिना नावाच्या मुक्कामावर, घामाने निथळत बसतो. आजूबाजूला निवडुंग आणि घायपातासारखी काटेरी झाडं. आणि चावऱ्या बारीक माश्या! दिसतही नाहीत, पण दोन दिवस खाज जात नाही. तिथे लांब बाह्यांचा सदरा आणि लांब पँटच घालायची, हे लक्षात ठेवा.

तुमच्यातली धाकटी लगेच विचारते, "आजोबा, वर झाडी आणि खाली नदीकाठी काटे? उलटं नको का व्हायला?"

शहाणी आहे. नदी म्हटली की हिरवळ, असंच आपल्या मनात असतं. पण इथे ओलावा येतो अॅमेझॉनच्या जंगलाकडून, हवेवर बसून. ती हवा डोंगर चढते, चढताना थंड होते, आणि थंड हवेला ओलावा सांभाळता येत नाही. तो ढग होऊन तिथेच, उंचावरच्या उतारांवर उतरतो. मग तीच हवा दरीत खाली सरकते तेव्हा दाबली जाते, तापते आणि कोरडी होत जाते. म्हणून तळाशी निवडुंग आणि वर शेवाळ. एका दिवसाच्या चालीत वाळवंटाच्या कडेपासून ढगांच्या जंगलापर्यंतचा प्रवास होतो. सपाट प्रदेशात हवामानाचा एवढा फरक पाहायला हजारो किलोमीटर जावं लागेल.

नदीवरचा पूल ओलांडला की चढण सुरू होते, आणि ती दया-माया दाखवत नाही. पाय जपून टाकायचे, बोलणं कमी करायचं, श्वास लागला की थांबायचं. खेचरांचा तांडा आला तर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझ्याचा धक्का लागला तर सावरायला जागा मिळत नाही. हळूहळू काटे मागे पडतात. फांद्यांवरून शेवाळ लोंबायला लागतं, झाडांच्या खोडांवर ऑर्किडं दिसतात, आणि वरून धुकं येऊन अंगाला बिलगतं. माराम्पाता नावाची छोटी वस्ती लागते. तिथून पलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं दिसतात. तेच चोकेकिराव, समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटर.

इथेच एखादा कॉन्डोर दिसला तर नशीब समजा. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटर, वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं धूड हवेत राहतं कसं? ते पंख फारसे हलवतच नाही. शास्त्रज्ञांनी कॉन्डोरांच्या अंगावर छोटी यंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा कळलं की उडण्याच्या शंभर मिनिटांतलं जेमतेम एक मिनिट ते पंख मारतात, आणि तेही बहुतेक जमिनीवरून उठताना. एक पक्षी तर पाच तासांहून अधिक वेळ एकदाही पंख न मारता १७० किलोमीटर गेला. उन्हाने तापलेला उतार हवा वर ढकलतो, वारा कड्याला आपटून वर चढतो, आणि कॉन्डोर त्या चढत्या हवेवर नुसता बसतो. ज्या उन्हाने आपल्याला चढणीवर हैराण केलं, तेच त्याला वर नेतं.

इंका लोकांनीही डोंगराचं हे सगळं ओळखलं होतं. उंची बदलली की हवा बदलते, मग पीकही बदलायचं. खालच्या ऊबदार जमिनीत मका, त्याहून वर बटाटा, आणखी वर जिथे काहीच पिकत नाही तिथे लामांची कुरणं. एकेका समाजाची जमीन अशी वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेली असे. एका थराला हिमाने झोडपलं तरी दुसरा थर घरात धान्य आणायचा. अगदी उंचावर, जिथे रात्री पाणी गोठतं आणि दुपारी कडक ऊन असतं, तिथे ते बटाटे रात्री उघड्यावर पसरत, गोठलेले बटाटे पायांनी तुडवून पाणी काढत आणि उन्हात वाळवत. त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. आजही अँडीजमध्ये घरोघर करतात. आणि तुमच्या आजीच्या उपासाच्या ताटाकडे नीट पाहा: बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली. बटाट्याचं माहेर तर हेच, अँडीज.

आता नगरात शिरू. मधोमध मोठा चौक, भोवती घरं, कोठारं. जवळची एक टेकडी माथा कापून सपाट केलेली, तिथे विधी होत असावेत. माचू पिचूचा दगड ग्रॅनाइट, एकसंध आणि कडक. तो घासून असा बसवता येतो की सांध्यात सुरीचं पातं जात नाही. इथला दगड वेगळा. हा पापुद्र्यांचा, थरांचा खडक, घासायला गेलं तर सुटतो. मग इथल्या गवंड्यांनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. पातळ चिपा एकावर एक रचल्या, मधे माती भरली, वरून लिंपलं. जो दगड डोंगराने दिला, त्याच्या स्वभावाप्रमाणे भिंत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पण चोकेकिरावचा खरा ठेवा पाहायला चौकातून डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरावं लागतं. उतार असा उभा की खाली पाहताना पोटात गोळा येतो. त्या उतारावर एकाखाली एक अरुंद पायऱ्यांची शेतं. प्रत्येक पायरीची बांधाची भिंत काळपट दगडाची, आणि तिच्यात मधूनच पांढरे दगड बसवलेले. जवळून पाहिलं तर नुसते पांढरे तुकडे, काही तळहाताएवढे, काही त्याहून मोठे. समोरच्या जागेवर जाऊन उभं राहिलं की ते तुकडे जुळतात: ही मान, हे उभारलेले कान, हे चार पाय. लामा! भिंतीभिंतीवर लामा, मोठे लामा, त्यांच्यामागे पिल्लू. सगळे चालत निघालेले. माचू पिचूला असं काही नाही, आणि इंकांच्या बाकी ज्ञात जागांतही भिंतीत घडवलेलं असं चित्र सापडणं फार दुर्मीळ. शतकानुशतकं हे जंगलाखाली दडून होतं. याच एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडी काढताना ते उजेडात आलं.

लामाच का? कारण इंकांकडे घोडा नव्हता, बैल नव्हता, चाकाची गाडी नव्हती. ओझं वाहायला होता तो लामा. पंचवीस-तीस किलो पाठीवर घेतो, त्याहून जास्त लादलं तर खुशाल खाली बसतो आणि उठत नाही. पाय मऊ गादीचे, दोन बोटांचे, त्यामुळे दगडी पायऱ्यांवर घट्ट पकड बसते आणि वाटही खणली जात नाही. लोकर मिळते, मांस मिळतं, आणि शेणाचं खत आणि सरपण होतं.

आणि ऐका, हा लामा म्हणजे राजस्थानातल्या उंटाचा भाऊबंद! उंटांचं मूळ कूळ उत्तर अमेरिकेतलं. तिथे ते चार कोटी वर्षांहून जास्त काळ होते. त्यातले काही, जेव्हा आशिया आणि अमेरिका यांच्यामधे कोरडी जमीन होती तेव्हा, इकडे आले आणि वाळवंटातले उंट झाले. काही, सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेल्यावर, दक्षिणेला उतरले आणि अँडीज चढले. मागे राहिलेले मूळ घरातले उंट मात्र नाहीसे झाले. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, उंटाच्या आणि लामाच्या लांबट. लामाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं. कुस्को शहर आहे ३४०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. आपल्याला जिना चढताना धाप लागते तिथे लामा ओझं घेऊन रमतगमत चालतो.

लामाची एक गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. ओयांताईताम्बो गावाच्या वरच्या खोऱ्यात मारकाकोचा नावाचं एक छोटं तळं होतं. आता ते बुजून गेलंय. शास्त्रज्ञांनी त्याच्या तळाच्या गाळात नळी खुपसून गाळाचा लांबच लांब खांब वर काढला. खालचा गाळ जुना, वरचा नवा, एकूण सुमारे चार हजार वर्षांचा. त्यात त्यांना डोळ्यांना न दिसणारे परागकण मिळाले, आणि बारीक कोळ्यांच्या जातीचे किडेही. हे किडे शेणावर जगतात. लामांचे तांडे तळ्याकाठी थांबायचे, शेण टाकायचे, ते पावसाने तळ्यात यायचं, किडे वाढायचे. सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या थरात मक्याचे परागकण वाढले, आणि त्याच सुमाराला हे किडेही वाढले. म्हणजे लामाच्या शेणखतावर उंचावर मका पिकू लागला होता, असा त्या शास्त्रज्ञांचा तर्क. इंका राज्य वाढलं तेव्हा किड्यांची संख्या आणखी चढली, आणि स्पॅनिश आल्यावर कोसळली, कारण लामांचे कळपच संपले. ज्या लोकांनी अक्षरं लिहिली नाहीत, दोरांच्या गाठींवर हिशेब ठेवले, त्यांच्या राज्याचा चढ-उतार एका किड्याने गाळात लिहून ठेवला.

आता मला मुख्य गोष्टीकडे यायचं आहे. एवढ्या उभ्या उतारावर या पायऱ्या पाचशे-सहाशे वर्षं टिकल्या कशा? पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो. माचू पिचूला वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस पडतो. मातीची भिंत फुगून कोसळायला एवढा पाऊस पुरे.

तुमच्या आईने तुळस लावताना कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवलेला तुम्ही पाहिलाय. माती वाहून जाऊ नये आणि पाणी मात्र अडू नये, म्हणून. इंकांची प्रत्येक पायरी तशीच भरलेली आहे. माचू पिचूत खणून पाहिलं तेव्हा हे स्पष्ट दिसलं: सगळ्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळूमिश्र माती, आणि अगदी वर पिकाची काळी माती, तीही बऱ्याचदा दुसरीकडून आणलेली. पाऊस पडला की पाणी वरच्या थरात मुरतं, पिकाला मिळतं, आणि जास्तीचं पाणी दगडांतून सावकाश खाली निघून जातं. भिंतही सरळ उभी नाही, किंचित डोंगराकडे कललेली, म्हणजे मागचा रेटा तिला पेलतो. दिवसभर उन्हाने तापलेले बांधाचे दगड रात्री ऊब सोडतात, त्यामुळे हिमाचा मारा सौम्य होतो.

माचू पिचूच्या जलव्यवस्थेचा अभ्यास अमेरिकन अभियंता केनेथ राइट यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं केला. त्यांचा अंदाज असा, की त्या नगराच्या बांधकामातले जवळजवळ साठ टक्के कष्ट जमिनीखाली आहेत. पाया, भराव, पाणी काढून देणारे थर. आपण फोटोत पाहून थक्क होतो ते फक्त वरचे चाळीस टक्के. भिंतींतून आणि जमिनीतून पाणी बाहेर काढणारी सुमारे १३० भोकं आणि वाटा त्यांनी मोजल्या. झऱ्याचं पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटातून गावात आणलं होतं, आणि ते एकाखाली एक सोळा कारंज्यांतून, म्हणजे दगडी न्हाण्यांतून, खाली जायचं. पाटाचा उतार इतका बेताचा की पाणी साचतही नाही आणि धावून काठही फोडत नाही. हे सगळं लोखंडी हत्याराशिवाय, कागदावरच्या नकाशाशिवाय.

चोकेकिरावलाही वरच्या ओढ्याचं पाणी दगडी पाटाने चौकापर्यंत आणलेलं आहे. चौकाच्या कडेला तो पाट अजून दिसतो. त्याच्याजवळ बसून बोटाने तळ चाचपून पाहा. दगड नेटके जोडलेले आहेत. भिंती बांधताना चिखल-मातीवर भागवणाऱ्या याच माणसांनी पाण्याच्या वाटेत मात्र कसूर केली नाही. पाणी अडवून त्याच्याशी लढायचं नाही, त्याला आधीच वाट करून द्यायची, हे त्यांना कळलं होतं. म्हणून राज्य गेलं तरी शेतं राहिली.

राज्य कसं गेलं, ते थोडक्यात. स्पॅनिश सैनिक आले, इंकांची राजधानी कुस्को पडली. इंका राजा मांको इंका याने १५३६ मध्ये बंड केलं आणि मग विल्काबांबाच्या या डोंगरांत आसरा घेतला. इथल्या दऱ्यांनी त्याच्या वंशाला साडेतीन दशकं सांभाळलं. शेवटचा इंका राजा तुपाक आमारू पकडला गेला आणि १५७२ मध्ये कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. मग चोकेकिरावच्या पायऱ्यांवर झाडं उगवली. १९०९ मध्ये हिराम बिंगहॅम नावाचा अमेरिकन प्राध्यापक इथे आला. त्याला पहिल्यांदाच असं नगर दिसत होतं. ती ओढ त्याला दोन वर्षांनी पुन्हा पेरूत घेऊन आली आणि १९११ मध्ये तो माचू पिचूला पोचला. पुढे सगळं जग त्या दिशेने धावलं, आणि चोकेकिराव मागे राहिलं. आजही त्याचा मोठा भाग जंगलाखालीच आहे.

झाडं शत्रू आहेत का? शेवाळ आणि मुळं दगड हलवतात, पाण्याची वाट बुजवतात, आणि वाट बुजली की भिंत फुगते. पण त्याच झाडीने पायऱ्यांवरची माती वाहू दिली नाही आणि भिंतींवरच्या लामांना लोकांच्या नजरेपासून जपलं. म्हणून तिथे काम करणारे लोक फार सावकाश, एकेक पायरी मोकळी करतात. घाई करून चालणारच नाही.

दरीवरून रोपवे बांधायची योजना पेरूमध्ये अनेक वर्षं चर्चेत आहे. झाला तर लोक काही मिनिटांत पलीकडे पोचतील आणि दिवसाला कैक पटींनी माणसं येतील. आसपासच्या गावांना त्यातून रोजगार हवा आहे, आणि तो मिळायलाही हवा. तरी मला विचाराल तर ही जागा पायी जाणाऱ्यांचीच राहावी. निवडुंगापासून शेवाळापर्यंतचा चढ अंगावर घेतल्याशिवाय त्या पायऱ्या तिथेच का आहेत, हे कळत नाही. तुम्ही मोठे झालात की जा. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ धरा, आधी दोन-तीन दिवस कुस्कोत राहून विरळ हवेची सवय करून घ्या, वाटेत एकही प्लास्टिक टाकू नका, आणि लामांच्या भिंतींवर चढून फोटो काढू नका.